पन्नी, बाटली, डब्बा: घरातलं प्लास्टिक ओळखायचं कसं आणि कबाड्याला द्यायचं कसं

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घरी मार्च संपत आला की गच्चीवरच्या खोलीतून कूलर काढायचा कार्यक्रम असतो, आणि कूलर काढायचा म्हणजे आधी त्याच्यासमोर वर्षभर साचलेलं सगळं बाहेर काढायचं. यावेळी चार चुंगड्या, म्हणजे पोती, भरून नुसतं प्लास्टिक निघालं. मी मोठ्या थाटात कबाड्याला आवाज दिला. त्यानं एक चुंगडी उलटी केली, दोन मिनिटं नुसता हात फिरवला, दहा-बारा बाटल्या अन् दोन बकेट बाजूला काढल्या आणि बाकी सगळा ढीग माझ्याकडे सरकवला. म्हटलं, काऊन भाऊ, याच्यावर तर रिसायकलचा त्रिकोण आहे. तर म्हणतो, "त्रिकोन पाहून मी काय करू जी? हे आमच्याकडं कोनी घेतच नाही."

मला वाटायचं त्रिकोण आहे म्हणजे झालं, आपण दिलं की ते कुठंतरी जाऊन नवीन होतं. तसं नाहीये. तुमच्या गल्लीत येणारा माणूस जे उचलतो आणि त्याच्याकडून ज्याला पुढे गिऱ्हाईक आहे, तेवढंच प्लास्टिक खरं रिसायकल होतं, बाकी सगळं फिरून भांडेवाडीच्या कचरा डेपोलाच. म्हणून हे ओळखण्याचं काम आपल्या स्वयंपाकघरातच उरकलेलं बरं, एकदा सवय लागली की दिवसाला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आधी त्रिकोण म्हणजे काय ते

हा आकडेवाला त्रिकोण १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं आणला, वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे हे छाटणाऱ्याला कळावं म्हणून. बस, एवढाच त्याचा अर्थ. 'हे रिसायकल होतं' किंवा 'हे रिसायकल केलेलं आहे' यातलं तो काहीच सांगत नाही. बाणांमुळे लोकांचा गोंधळ होतो म्हणून २०१३ मध्ये तिकडे बाण काढून साधा भरीव त्रिकोण केला, पण आपल्याकडच्या मालावर अजून बाणवालाच जास्त दिसतो.

शोधायचा कुठे, तर बाटली-डब्ब्याच्या बुडाशी. पारदर्शक असेल तर मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा, उठावदार आकडा लगेच दिसतो. पन्नीवर छापलेल्या मजकुराच्या कोपऱ्यात असतो, बारीक, चष्मा लागेल.

आता आकडे. १ म्हणजे पेट. पाण्याची बाटली, कोल्ड्रिंकची, खाद्यतेलाची, आरपार दिसणारी. हे मुळात पॉलिस्टरच आहे, साडी-शर्टात असतं तेच, म्हणून बाटल्यांचा धागा होतो आणि उशी-रजईत भरायचा पांढरा फायबर होतो. कबाड्याचं सगळ्यात आवडतं.

२ एचडी, म्हणजे जास्त घनतेचं पॉलिथिन. शाम्पू, फिनाइल, कपडे धुवायचं लिक्विड, संडास साफ करायची वाकड्या मानेची बाटली, तेलाची मोठी कॅन, मार्केटमध्ये फळांचे असतात ते क्रेट. आरपार न दिसणारं, बोटाला किंचित मेणासारखं लागतं. यालाही भाव आहे.

३ पीव्हीसी. पाइप, वायरवरचं कव्हर, रेनकोट, कूलरच्या मोटरला लावतो ती पारदर्शक नळी, गोळ्यांच्या पाकिटाचा फुगीर भाग, आणि चौकाचौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे ते फ्लेक्स. त्रासदायक नग. पुढे सांगतो.

४ एलडी, म्हणजे कमी घनतेचं पॉलिथिन. दुधाची पन्नी, ब्रेडची पिशवी, नवीन गादी-फ्रिजवर येतं ते कव्हर. वावरातल्या ठिबकच्या नळ्यासुद्धा याच घराण्यातल्या. ५ म्हणजे पीपी, पॉलिप्रॉपिलीन: हॉटेलच्या पार्सलचे डब्बे, बाटल्यांची बरीच झाकणं, प्लास्टिकच्या खुर्च्या, तांदळाची विणलेली चुंगडी, नायलॉन समजून आपण जी बांधतो ती सुतळीही बहुतेक पीपीच. ६ पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोल, आणि पारदर्शक पेनची बॉडी, सीडीचं कव्हर असल्या तडकन फुटणाऱ्या वस्तू. ७ म्हणजे 'यातलं काहीच नाही', सगळ्या उरलेल्यांची धर्मशाळा. वीस लिटरचे पाण्याचे निळे जार यात येतात, म्हणजे त्यातले पॉलिकार्बोनेटचे, हल्ली पेटचेही जार येतात म्हणून बुडाशी पाहून घ्या.

आणि एक गंमत. साडीच्या दुकानातून मिळते ना ती 'कापडी' पिशवी, जरा खरखरीत, दाबून दाबून ठिपके पाडलेली? ते कापड नाहीच, पीपी आहे. आमच्या आईनं असल्या चाळीस जपून ठेवल्या होत्या, प्लास्टिक नको म्हणून.

आकडा नसेल तर

नसतोच बहुतेक वेळा, किंवा घासून गेलेला असतो. मग हात, कान आणि एक ग्लास पाणी.

बाटलीचं बूड पाहा. मधोमध गोल टिकलीसारखा उंचवटा असेल तर पेट. बुडावर आडवी सरळ शिवण असेल, दोन भाग चिकटवल्यासारखी, तर ती दुसऱ्या पद्धतीनं फुगवलेली बाटली असते, म्हणजे एचडी, पीपी किंवा क्वचित पीव्हीसी. ही खूण मला एका भंगारच्या गोदामातल्या बाईनं दाखवली, ती आकडा बघतच नव्हती, बाटली उचलली, पलटवली, फेकली, सेकंदाला एक.

पन्नी असेल तर दोन बोटांत धरून ओढा. ताणली जाते, लांब होते, आवाज करत नाही, ती एलडी. बाजारातली पातळ कॅरीबॅग जी नुसती हलवली तरी सळसळ वाजते ती एचडी. नव्या शर्टावरची चकचकीत कडक पिशवी, ताणत नाही आणि एकदा फाटली की सरळ फाटत जाते, ती पीपी. चिप्स, फरसाणचं पाकीट मुठीत चुरगाळून सोडा, परत उघडलं तर ते प्लास्टिकवर चांदीचा मुलामा दिलेलं आहे, चुरगाळलेलंच राहिलं तर फॉइल. मुलाम्यावालं साध्या पन्नीत टाकू नका.

झाकणाला त्याच तुकड्याची बिजागरी असेल, म्हणजे शंभरदा उघड-बंद केली तरी तुटत नाही असली, तर ते पीपी समजा. त्याचा तो खास गुण आहे. वाकवल्यावर कडक वाजून काचेसारखा तुकडा पडला तर ६ नंबर. शेवटी एचडी की पीपी यात गोंधळ झाला तर नख मारून बघा, एचडीवर ओरखडा जरा सहज उठतो, पीपी जास्त टणक अन् चकचकीत. पण खरं सांगू का, या दोघांत कबाडीसुद्धा चुकतात, तुम्ही डोकं लावत बसू नका, दोन्ही एकाच पिशवीत टाका, पुढे छाटतात.

आता पाण्याची टेस्ट. ही माझी आवडती.

काचेच्या ग्लासात पाणी घ्या, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका. साबण विसरू नका, नाहीतर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगून तुम्हाला फसवतो. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापा, काडीनं पाण्याच्या तळापर्यंत दाबा आणि सोडा. वर आला तर एचडी, एलडी किंवा पीपी, यांची घनता पाण्याच्या १ पेक्षा कमी असते, पीपीची ०.९ च्या आसपास, एचडीची ०.९५ च्या. खालीच बसला तर पेट, पीव्हीसी किंवा पॉलिस्टायरिन. मग दुसऱ्या ग्लासभर पाण्यात पाच चहाचे चमचे मीठ पूर्ण विरघळवा आणि बुडालेला तुकडा त्यात टाका. पॉलिस्टायरिन १.०५ चं असतं, ते मिठाच्या पाण्यात वर येतं. पेट आणि पीव्हीसी १.३ च्या वर, ते काही हलत नाहीत, त्यांना वेगळं करायला बुडाची टिकली आहेच.

दोन ठिकाणी ही टेस्ट गंडते. एक थर्माकोल, त्यात जवळजवळ सगळी हवाच भरलेली असते म्हणून तो तरंगणारच, बिनकामाचं. दुसरं स्वस्तातल्या खुर्च्या, त्यांच्या पीपीत खडूसारखी पावडर मिसळलेली असते आणि ती जास्त असेल तर तुकडा सरळ तळाला जातो. मी एका खुर्चीच्या पायाला अर्धा तास पीव्हीसी समजत होतो.

जाळून वास घ्यायची टेस्ट जुने भंगारवाले करतात. मेणबत्तीसारखा वास आला तर एचडी-एलडी, काळी काजळी उडाली तर पॉलिस्टायरिन, नाकात झोंबलं तर पीव्हीसी. त्यांना जमते म्हणून आपण करायची नाही. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो, डायॉक्सिनही तयार होतात. आणि हिवाळ्यात सकाळी सकाळी झाडलेल्या पाल्यासोबत पन्न्याही पेटवून शेकत बसणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना सांगा की उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच ५,००० रुपये दंड ठरवून दिलाय, मोठा ढीग असेल तर २५,०००. मारबतीच्या पुतळ्यासारखं गावाबाहेर नेऊन जाळलं की पीडा टळली, असं प्लास्टिकचं नसतं, ती पीडा आपल्याच फुफ्फुसात येऊन बसते.

धुणं, आणि इथंच सगळे कंटाळतात

ओळखण्यापेक्षा हे महत्त्वाचं आहे. चिकट तेलाचा डब्बा आणि सडक्या दुधाची पन्नी कोणीच घेत नाही, आकडा काहीही असो. माझ्या त्या चार चुंगड्यांमधलं अर्ध्याहून जास्त प्लास्टिक चांगलं होतं, एचडी, पीपी, सगळं, पण एका तेलाच्या कॅननं आत सांडून सगळ्यांना धूळ चिकटवून ठेवली होती.

वेगळं पाणी वापरायचं नाही. एप्रिल-मेमध्ये नळाची काय अवस्था असते ते माहीत आहे. भांडी घासून झाल्यावर जे साबणाचं पाणी उरतं त्यातच बुडवायचं, तांदूळ धुतलेल्या पाण्यात विसळायचं, झालं. ताटासारखं चकचकीत करायची गरज नाही, खरकटं आणि चिकटपणा गेला म्हणजे पुरे.

दुधाची पन्नी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, थोडा लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही, मोरीतून नालीत आणि नालीतून नाग नदीत. दूध ओतल्यावर लगेच थोडं पाणी घालून हलवा, ते पाणी चहात टाका किंवा कुंडीत. मग पन्नी उलटी करून दोरीवर चिमट्यानं. आपल्याकडच्या उन्हात ती आतून-बाहेरून वाळायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो, पावसाळ्यात मात्र दोन दिवस, आणि ओली पन्नी पिशवीत कोंबली तर असा वास सुटतो की घरातली माणसं तुमचा हा सगळा उपक्रमच बंद पाडतील. आमच्याकडे जुलैत पडला होता.

तेलाची पेट बाटली रात्रभर भांड्यावर उलटी ठेवा, निथळलेलं तेल फोडणीत जातं. मग कोमट पाणी, जरा साबण, झाकण लावून खळखळ हलवा. उकळतं पाणी ओतू नका, पेट सत्तर-पंचाहत्तर अंशांना मऊ पडतं आणि बाटली आकसून वेडीवाकडी होते.

सावजीचा रस्सा ज्या पन्नीत बांधून येतो ती सोडून द्या. ती धुऊन निघत नाही, मी तीन वेळा प्रयत्न केला, तर्री जिंकली. त्यापेक्षा घरून स्टीलचा डब्बा न्यायचा, दुकानदार दोन तुकडे जास्त टाकतो असा माझा अनुभव आहे, तुमचा वेगळा असू शकतो.

बाटलीवरचं लेबल सहज निघत असेल तर काढा, खासकरून पूर्ण बाटलीला घट्ट बसलेलं शर्टासारखं लेबल, ते पुष्कळदा वेगळ्याच प्लास्टिकचं असतं. बाटली आडवी दाबून चपटी करा आणि झाकण परत फिरवून लावा, म्हणजे ती फुगत नाही आणि झाकणं हरवत नाहीत. झाकण वेगळ्या प्लास्टिकचं असलं तरी बिघडत नाही, कारखान्यात चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात तेव्हा पेट खाली बसतं आणि झाकणाचा चुरा वर तरंगतो. आपल्या ग्लासातली टेस्टच, फक्त मोठ्या हौदात.

पण पीव्हीसीच्या बाबतीत हीच टाकी कामाची नाही, कारण तेही पेटसारखं बुडतं. पेट वितळवायला २५० अंशांच्या वर तापमान लागतं आणि तेवढ्यात पीव्हीसी कुजल्यासारखं काळं पडून आम्ल सोडतं, आजूबाजूच्या चांगल्या मालातही काळे ठिपके येतात. म्हणून म्हटलं ना त्रासदायक. पाइपचे तुकडे, कूलरची नळी, रेनकोट बाटल्यांच्या पिशवीत कधीच टाकायचे नाहीत. गोळ्यांची पाकिटंही नाही.

घरात किती पिशव्या ठेवायच्या

सात नाही. सात ठेवल्या तर आठव्या दिवशी बंद पडतं. आमच्याकडे स्वयंपाकघराच्या दाराआड तीन चुंगड्या टांगल्यात. एकीत पेट. दुसरीत कडक माल, म्हणजे एचडी आणि पीपी, बाटल्या, डब्बे, तुटलेले मग, बकेट. तिसरीत स्वच्छ, वाळलेल्या पन्न्या, दुधाच्या पन्न्या एकात एक भरून. उरलेलं सगळं, चिप्सची पाकिटं, शाम्पूचे सॅशे, थर्माकोल, तुटके पेन, हे थेट सुक्या कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे मनपाची कचरागाडी येते त्यात, ओल्यापासून वेगळं. पीव्हीसीचे पाइप-नळ्या मी एका खोक्यात साठवतो, प्लंबिंगच्या भंगारासोबत कधीतरी जातात.

दुधाची पन्नी आणि 'कंपोस्टेबल' लिहिलेली हिरवट पिशवी दिसायला सारखीच, हाताला मात्र कंपोस्टेबलवाली जरा वेगळी, पिठूळ लागते. ती एलडीत मिसळली तर पुढे वितळवून जो दाणा बनतो तो कमजोर होतो. तिच्यावर छापलेलं असतंच, वाचून घ्या, सुक्यात टाका.

प्रेशर कुकरचं काळं हँडल, मेलामाइनच्या प्लेटा, जुनी इलेक्ट्रिकची बटणं, ही वितळतच नाहीत, एकदा घट्ट झाली की कायमची. त्यांचं रिसायकलिंग नाही. हँडल बदला, कुकर वापरा. रिमोट, चार्जर, माऊस यांचं प्लास्टिक खरवडत बसू नका, ते अख्खं ई-कचऱ्यात द्यायचं.

कबाड्याशी बोलणं

हे पाऊल लोक गाळतात. पहिल्यांदा माल देण्याआधी त्याला थांबवून सरळ विचारा: काय घेता, काय नाही, पन्नी घेता का, वेगळी करून दिली तर वेगळा भाव देता का. प्रत्येक गल्लीचं उत्तर निराळं असतं, कारण प्रत्येकाचं पुढचं गोदाम निराळं. आमचा आधी पन्नी घेत नव्हता. मी महिनाभराची धुतलेली, वाळलेली दाबून भरलेली चुंगडी दाखवली तेव्हा म्हणाला, "अशी असन तर आना, दादा. एक-दोन किलोसाठी नाही परवडत, दहा किलो जमू द्या." मग शेजारच्या तीन घरांना जोडलं. पन्नीचं असंच आहे, वजन काही होत नाही अन् जागा ढीगभर खाते, त्यामुळे एकट्यानं जमत नाही, फ्लॅट स्कीममध्ये मात्र फार सोपं आहे.

भावासाठी घासाघीस करून काही हाती लागत नाही. नवीन प्लास्टिक कच्च्या तेलापासून बनतं, ते स्वस्त झालं की भंगाराचा भाव आपोआप पडतो, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही.

त्याच्याकडून माल गोदामात, तिथं रंगानुसार छाटणी, मग चुरा, धुणं, वितळवून शेवयांसारख्या तारा आणि त्या कापून दाणा. दर वेळी वितळवताना प्लास्टिकचे लांब रेणू तुटून थोडे आखूड होतात, म्हणून दुधाच्या पन्नीची परत दुधाची पन्नी होत नाही, काळा पाइप किंवा कचऱ्याची पिशवी होते. रंगीत माल मिसळला की दाणा काळा-मातकटच होतो. पारदर्शक पेटला जास्त मान का, ते आता कळलं असेल.

ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचं काय

पाकिटं, सॅशे यात प्लास्टिक, मुलामा, शाई यांचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. यांचे दोन रस्ते आहेत. सिमेंटच्या भट्टीत कोळशासोबत इंधन म्हणून जाळणं, तिथं तापमान चौदाशे अंशांच्या वर असतं. आणि डांबरी रस्ता. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी ही पद्धत काढली, तापलेल्या गिट्टीवर प्लास्टिकचा चुरा टाकला की त्याचा पातळ थर बसतो आणि वरचं डांबर घट्ट धरून राहतं, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पीव्हीसी तिथंही चालत नाही. दोन्ही रस्ते आपल्या हातातले नाहीत, आपण फक्त ते सुकं आणि वेगळं ठेवायचं.

बंदीचंही लक्षात असू द्या. राज्यात २३ मार्च २०१८ ची अधिसूचना आहे, थर्माकोलच्या प्लेटा आणि हँडलवाल्या पन्न्या तेव्हाच गेल्या, म्हणजे कागदावर. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. देशभरात १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, कप, प्लेटा, कानातल्या काड्यांच्या प्लास्टिक दांड्या बंद झाल्या. हे सगळं उपयोगाला कमी आणि कचरा करायला जास्त म्हणून बंद केलं, आणि रिसायकललाही नालायकच, लहान, हलकं, खरकटं. घरात जुना साठा असेल तर कबाड्याला दाखवूही नका, तो हसतो.

चार चुंगड्यांपैकी पहिल्या खेपेला त्याच्याकडे अर्धी गेली होती. उरलेला ढीग मी गच्चीवर पसरवून या पद्धतीनं तीन रविवार धुतला, छाटला, तेव्हा आणखी दोन गेल्या. राहिलेल्या दीडमध्ये बहुतेक पाकिटं, फ्लेक्सचा एक मोठा तुकडा आणि कूलरच्या चार जुन्या नळ्या. फ्लेक्स आता पावसाळ्यात कूलरवर झाकायला ठेवलाय, छापलेली बाजू आत करून.